आजोबांनी दिलेलं स्टेशन

५ जानेवारी

सूनबाईने नव्या वर्षाची डायरी आणून दिली तेव्हा मी म्हणालो होतो, निवृत्त माणसाच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय घडणार? चार दिवस पानं कोरी गेली. आज घडलं.

स्टेशनवर नोटीस लागली आहे. एक एप्रिलपासून सकाळची जाणारी आणि संध्याकाळची येणारी, दोन्ही गाड्या आमच्याकडे थांबणार नाहीत. कारण काय, तर 'प्रवासी नाहीत'! अहो, सकाळी त्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. दूधवाले, कोर्टात तारखा असलेले, कॉलेजची मुलं, बायकोला माहेरी पोचवणारे. बाकावरच्या जागेवरून भांडणं होतात. नोटीस काढणाऱ्याने आधी डोळे तपासून घ्यावेत.

संध्याकाळी कापडवाल्यांच्या माडीवर सभा झाली. माडी त्यांची म्हणून अध्यक्षही तेच झाले. वकीलसाहेब म्हणाले, निवेदन देऊ. डॉक्टर म्हणाले, उपोषण करू, फक्त मला पित्ताचा त्रास आहे, तेव्हा मी बाहेरून पाठिंबा देईन. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "त्या लोकांना आपली किंमतच कळलेली नाही. आपल्या स्टेशनचा इतिहास लिहून त्यांच्या टेबलावर आपटला पाहिजे." सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. जन्मभर मी शाळेत इतिहासच शिकवला. मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा कुणी आग्रह करेल असं दिसेना, तेव्हा हो म्हणून टाकलं.

जेवताना सूनबाईला सांगितलं. ती जंक्शनच्या हॉस्पिटलात रक्त तपासते. सकाळच्या गाडीने जाते, संध्याकाळच्या गाडीने येते. बस आहे, पण ती हमरस्त्यावरून गावोगाव फिरत दुपारी कधीतरी जंक्शनला टेकते. मला वाटलं होतं, तिला माझं कौतुक वाटेल. ती म्हणाली, "बाबा, गाडी थांबली नाही तर मी जाऊ कशी?"

"म्हणून तर इतिहास लिहितोय," मी म्हणालो.

चिरंजीव कुणाच्या तरी मोबाइलचा बारीक स्क्रू ताटाखाली शोधत होते. ते काही बोलले नाहीत. ते कधीच काही बोलत नाहीत.

९ जानेवारी

पहिलं प्रकरण झालं. शीर्षक: 'तिकिटाविना परंपरा'.

बाहेरच्या वाचकाला हे नीट समजावून सांगावं लागेल. आमच्या गावात तिकीट काढायची पद्धत नाही. स्टेशनसाठी जमीन गावाने फुकट दिली आणि बदल्यात रेल्वेने शब्द दिला की या गावच्या माणसाला तिकीट लागणार नाही. हा शब्द कुणी दिला, कुणाला दिला, याची नोंद सापडत नाही. पण आम्ही तो पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलो आहोत. जंक्शनला उतरलं की आमची माणसं मुख्य दाराकडे न जाता उलट्या बाजूने मालधक्क्याच्या फाटकातून बाहेर पडतात. थोडा चिखल असतो. पण चोरटेपणा म्हणाल तर अजिबात नाही. ती आमची वाटच आहे.

शिवाय आमचे तिकीटबाबू म्हणजे धान्यवाल्यांचे जावई. गावच्या जावयासमोर पैसे टाकून 'एक द्या' म्हणायचं, हे बरं दिसतं का? त्यांच्या आधीचे बाबूही गावचेच जावई होते. बदलून आलेल्या अविवाहित बाबूला आमचं गाव फार दिवस तसा राहू देत नाही.

त्यामुळे तिकिटाच्या खिडकीत एक पिवळं मांजर झोपलेलं असतं. गावात एकटी सूनबाई महिन्याचा पास काढते. मांजर उचलून बाजूला ठेवते, पैसे देते, पास घेते आणि मांजर परत जागेवर ठेवते. ती लग्न होऊन आली तेव्हा मी तिला समजावलं होतं, की बाई, हा घराण्याच्या मानाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "बाबा, मला रोज चिखल तुडवत कामाला नाही जायचं." बाहेरगावची मुलगी, म्हणून मी फार ताणलं नाही.

१७ जानेवारी

जमीन नेमकी कुणाच्या आजोबांनी दिली, यावर आज माडीवर रणधुमाळी झाली. आमच्या घरी लहानपणापासून सांगतात की ती माझ्या आजोबांनी दिली. फेटा उतरवून साहेबाच्या हातात दिला आणि म्हणाले, "घ्या." मी हे सहज वाचून दाखवलं, तर अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जमीन त्यांच्या आजोबांनी दिली होती म्हणे. डॉक्टर म्हणाले, दोघांनी दिली असेलही, पण फलाटाची जागा आमच्याच आजोबांची. धान्यवाल्यांनी सिग्नलपासून पुढची सगळी मागितली. वकीलसाहेबांचे आजोबा या गावचे नव्हते. तरी त्यांनी मुलीच्या सासरच्या नात्याने विहीर दिली, असं ठरलं.

इतिहासकाराने निःपक्ष असावं. मी सगळ्यांची दानं मान्य केली. घरी येऊन बेरीज केली तर दिलेली जमीन गावापेक्षा मोठी झाली. नदी वजा करून पाहिली, तरी बसेना. सूनबाई कागदावर डोकावून म्हणाली, "मग तुमच्या आजोबांचा तुकडा कमी करा ना."

असं कसं करता येईल? मी नदीचा काठ थोडा पलीकडे सरकवला.

२५ जानेवारी

रोज संध्याकाळी मी संशोधनासाठी स्टेशनवर जातो. घंटेऐवजी टांगलेला रुळाचा तुकडा, बंद पडलेलं घड्याळ, लाकडी बाक, सगळ्याचं बारकाईने निरीक्षण करतो. निरीक्षण संपतं तेव्हा नेमकी गाडी येते आणि सूनबाई उतरते. मग आम्ही बरोबरच घरी येतो. तिची पिशवी मी घेतो, कारण माझे हात रिकामेच असतात. वाटेत मी तिला दिवसभर लिहिलेलं सांगतो. ती हसते, आणि कुठे पाल्हाळ झालंय तेही सांगते. शाळेत माझ्या तासाला अर्धा वर्ग डुलक्या घ्यायचा. ही दिवसभर राबून आलेली असते, पण ऐकते.

आज मात्र ती मधेच म्हणाली, "बाबा, हॉस्पिटलच्या मागे दोन खोल्या आहेत भाड्याने. ह्यांनाही तिथे दुकान टाकता येईल. गाडी बंद झालीच तर."

"बंद होत नाही," मी म्हणालो. "सहा प्रकरणं तयार आहेत."

"तुम्ही याल ना आमच्याबरोबर?"

मी तिला सातव्या प्रकरणाचा विषय सांगितला.

२ फेब्रुवारी

आत्याला भेटायला गेलो. गावात इतकं म्हातारं आता दुसरं कुणी उरलं नाही. कानाने कमी ऐकते, पण बोलायला भारी. विचारलं, "आत्या, स्टेशनला जमीन माझ्या आजोबांनी दिली ना?"

"कुणी दिली म्हणतोस?"

"आजोबांनी!"

ती इतकी हसली की मला पाणी आणावं लागलं. "अरे, तुझा आजोबा, म्हणजे माझा बाप, शेजाऱ्याला विळा देत नसे, तो जमीन देतोय! ओसाड माळ होता तो. कुत्रं फिरकत नसे तिथे. एक विहीर तेवढी होती. इंजिनाला पाणी लागायचं म्हणून गाडी थांबायची. थांबलीच आहे, तर लोक चढायला लागले. ड्रायव्हर बिचारा पाणी भरू की ह्यांना हाकलू, अशा पेचात. मग चढू द्यायचा."

"आणि तिकीट?"

"मालगाडी होती ती. तिकीट कसलं डोंबलाचं?"

आत्याची स्मरणशक्ती आता पार गेली आहे. वाईट वाटतं. तिची मुलाखत पुस्तकात घेत नाही. विहिरीचा उल्लेख मात्र वकीलसाहेबांच्या आजोबांच्या नावावर ठेवला आहे.

११ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहावं की नाही, असा विचार बराच वेळ केला.

सूनबाई सभेला आली. तिने आधी मला सांगितलंही नव्हतं. गाडीतून उतरली आणि घरी न येता पिशवी घेऊन तडक माडी चढली. म्हणाली, "मला फक्त दोन मिनिटं द्या. मी जंक्शनला चौकशी केली. गाडीत किती माणसं बसतात ते कुणी मोजत नाही. किती तिकिटं विकली जातात ते बघतात. मार्च संपेपर्यंत सगळ्यांनी तिकीट काढून प्रवास केला तर थांबा राहू शकतो. बाकी काही करायला नको."

अध्यक्ष अगदी मायेने म्हणाले, "पोरी, तुझा हेतू चांगला आहे. पण आपल्या आजोबांनी जमीन दिली आणि आपण तिकीट काढायचं?"

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. "एक तिकीट जरी काढलं ना, तरी आपला हक्क आपणच सोडला असा अर्थ होतो. उद्या रेल्वे म्हणेल, जमीन दिलीच नव्हती."

धान्यवाले म्हणाले, "आणि जावईबापूंना इतकं काम कधी झेपायचं?"

"अहो काका, गाडीच थांबली नाही तर हक्क घेऊन जाणार कुठे?" सूनबाई म्हणाली.

यावर डॉक्टर म्हणाले, मुद्दा भावनिक आहे. ठराव मतास टाकला. तिकीट न काढण्याच्या बाजूने सगळे हात वर गेले. माझाही गेला. मी इतिहासकार, पहिल्या प्रकरणाचं नावच 'तिकिटाविना परंपरा', मी काय करणार होतो? हात वर करताना मी तिच्याकडे बघितलं नाही.

येताना पिशवी तिने माझ्याकडे दिली नाही.

१२ फेब्रुवारी

आज स्टेशनवर गेलो नाही. पाय दुखत होता.

१४ फेब्रुवारी

पाय बरा आहे. गेलो. ती गाडीतून उतरली, माझ्याकडे बघून थोडी थांबली आणि पिशवी पुढे केली. हवापाण्याचं बोललो. इतिहासाचं तिने विचारलं नाही, मीही काढलं नाही.

३ मार्च

पुस्तक छापून आलं! वजनाने चांगलं भरलं आहे. अर्ध्याहून अधिक पानांवर आजोबा आहेत. ज्यांच्याकडे आजोबांचा फोटो नव्हता त्यांनी वडिलांचा फोटो जुना दिसेल असा काढून आणला. माझे आजोबा चवथ्या पानावर, फेट्यासह. अध्यक्षांचे पहिल्या पानावर, रंगीत.

प्रकाशन फलाटावर केलं. अध्यक्ष "या स्टेशनवर आमचं जीवापाड प्रेम आहे" म्हणत असतानाच संध्याकाळची गाडी शिरली आणि पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. उतरणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण आधीच वाजत होत्या.

एक प्रत सूनबाईला सही करून दिली. तिने उभ्याउभ्याच चाळली. "बाबा, मेहनत खूप घेतलीत," म्हणाली. मग म्हणाली, "त्या खोल्यांचं आम्ही ठरवलंय. पंधरा दिवसांत सांगा म्हणालेत, म्हणून." चिरंजीव तिच्या मागे उभे होते. ते म्हणाले, "बाबा, तिसरी खाट बसते तिथे. मी मापून आलोय."

इतकं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, दहा तारखेला शिष्टमंडळ जाऊन येऊ दे, मग कसल्या खोल्या नि कसलं काय!

१० मार्च

लाज वाटते. पण डायरीशी खोटं बोलून काय करू?

आम्ही अकरा जण पुस्तकाच्या प्रती घेऊन सकाळच्या गाडीने जंक्शनला मोठ्या साहेबांकडे निघालो. सगळे इस्त्रीच्या कपड्यांत. अध्यक्षांनी नवे बूट घातले होते. तिकीट अर्थातच कुणी काढलं नव्हतं. सूनबाई त्याच डब्यात खिडकीशी बसली होती.

जंक्शन आलं. मी सवयीने मालधक्क्याकडे वळलो, तर अध्यक्षांनी दंड धरला. "मास्तर, आज आपण शिष्टमंडळ आहोत. शिष्टमंडळ चिखलातून जात नाही. मुख्य दारातून जायचं. ताठ मानेने."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मुख्य दारात तिकीट तपासनीस उभा होता.

"तिकीट?"

"आम्ही साहेबांना भेटायला आलोय," अध्यक्ष म्हणाले.

"भेटा की. तिकीट?"

"आमच्या आजोबांनी स्टेशनला जमीन दिली आहे."

"बरं. मग आजोबांचं तिकीट दाखवा."

डॉक्टरांनी पुस्तक उघडून पहिलं पान दाखवलं. त्याने ते आदराने बघितलं आणि आम्हां अकरा जणांना भिंतीशी रांगेत उभं केलं. मी मुलांना असंच उभं करायचो. परगावच्या माणसांचा लोंढा समोरून जात होता आणि सगळे वळून बघत होते. एवढ्यात सूनबाई आली. पास दाखवून बाहेर पडली, दोन पावलं गेली आणि परत फिरली.

"हे माझे सासरे आहेत," ती तपासनीसाला म्हणाली. "यांच्या पायाला त्रास आहे. यांना बसायला खुर्ची मिळेल का?"

तिने दंड भरायला पर्स उघडली, मी हाताने नको म्हटलं. सगळ्यांच्या पावत्या होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. तिला कामावर उशीर झाला.

साहेबांनी आम्हाला भेट मात्र दिली. भला माणूस. पुस्तक हातात तोलून बघितलं. मग कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "तुमच्या स्टेशनचं या वर्षातलं सगळ्यात मोठं उत्पन्न माहीत आहे? आता खाली तुम्ही भरलेला दंड."

अध्यक्षांनी पावती खिशात आणखी आत ढकलली.

"एरवी तुमच्याकडे एकच प्रवासी आहे. महिन्याचा पास, न चुकता, कित्येक वर्षं. खरं सांगायचं तर आतापर्यंत त्या एका पासामुळे फाईल लांबत होती. एवढ्या मोठ्या गाड्या एका माणसासाठी थांबवत होतो आम्ही. कोण आहे हो तो?"

सगळे छताकडे बघायला लागले. मला बोलता आलं असतं. माझीच सून आहे, असं छाती फुगवून सांगता आलं असतं. मीही छताकडे बघितलं. तिथे पंखा होता.

परतीच्या गाडीला सगळे मालधक्क्यातून गेले.

१९ मार्च

सूनबाई पुढच्या महिन्याचा पास काढायला जाणार नाही. खोल्यांची किल्ली आली. तिने माझी पुस्तकंही बांधायला घेतली होती, मी सोडवली. म्हणालो, गावात माझी अजून कामं आहेत, समिती आहे. तिने विचारलं, "कसली समिती, बाबा?" मला पटकन आठवलं नाही.

३१ मार्च

आज थांब्याचा शेवटचा दिवस.

सगळं गाव स्टेशनवर लोटलं होतं. आणि कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, पण पहाटेच टूम निघाली की आठवण म्हणून आपल्या स्टेशनचं शेवटचं तिकीट प्रत्येकाच्या घरी हवं. झालं! खिडकीसमोर रांग फाटकाबाहेर गेली. मांजराला दोन वेळा हाकललं, तिसऱ्यांदा ते घड्याळावर जाऊन बसलं. जावईबापूंचा सदरा घामाने भिजला. अध्यक्षांनी आठ काढली, सगळ्या नातवंडांना एकेक. वकीलसाहेबांना मी विचारलं, आता हक्काचं काय? ते म्हणाले, "प्रवास न करता तिकीट काढलं तर ते स्मृतिचिन्ह. हक्क अबाधित." लोकांनी सगळ्यात जवळच्या स्टेशनची तिकिटं काढली. मीही रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा तोंडातून जंक्शन निघालं.

सकाळची गाडी आली. चिरंजीवांनी खोकी चढवली. सूनबाई दारात उभी राहून माझ्या हाताकडे बघत होती.

"बाबा, तिकीट काढलंत?"

"हो. आठवण म्हणून."

"जंक्शनचं आहे ना? मग चला की."

"हे फ्रेम करायचंय," मी म्हणालो.

रुळाचा तुकडा वाजला. तिने हात पुढे केला होता, तो तसाच राहिला आणि गाडी हलली. शेकडो माणसं खिशात तिकीट घेऊन फलाटावर उभी होती आणि गाडीत चढलेली दोनच. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "बघा मास्तर, गावाचं स्टेशनवर केवढं प्रेम आहे!" मला फार भरून आलं. कशामुळे ते सांगता यायचं नाही.

२ एप्रिल

संध्याकाळी निरीक्षणाला गेलो. गाडी आली तशी धडधडत निघून गेली. मांजर खिडकीत परत आलं आहे. माझे हात रिकामेच होते.

६ एप्रिल

माडीवर सभा. इतिहासाची दुसरी आवृत्ती काढायची आहे, शेवटच्या दिवसाच्या रांगेच्या फोटोंसह. प्रत्येकाला आपण रांगेत पुढे होतो असं लिहून हवं आहे. मी म्हणालो, या वेळी दुसरं कुणी बघा. दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही.

१० एप्रिल

हे जंक्शनला बसून लिहितो आहे.

सकाळी हमरस्त्यावर जाऊन बस पकडली. कंडक्टर समोर उभा राहिला. आजोबा अगदी ओठांवर आले होते. ते गिळले आणि म्हणालो, "जंक्शन, एक." उभ्या आयुष्यात गावातून निघताना काढलेलं हे माझं पहिलं तिकीट, फ्रेममधलं सोडून.

कंडक्टरने तिकीट फाडलं आणि विचारलं, "तुमच्याकडे स्टेशन आहे ना हो? तिथे गाडी थांबत नाही?"

"थांबायची," मी म्हणालो. "इंजिनाला पाणी लागायचं म्हणून."

शेजारचा माणूस हसला. मग मलाही हसू आलं. आत्याचं काही चुकलं नव्हतं.

बस खरोखरच दुपारी टेकली. हॉस्पिटलच्या मागे विचारत विचारत गेलो. दार सूनबाईने उघडलं. आज तिची सुट्टी होती. म्हणाली, "बाबा! कसे आलात?"

मी खिशातलं तिकीट काढून दिलं. तिने ते उलटंसुलटं करून बघितलं.

"परतीचंही काढलंत का?"

"नाही," मी म्हणालो.

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली.